उजव्या डोळ्यातला थेंब

हसनाबादच्या तुळजाबाईंना मोडी वाचता येई. वडील गावात पोरं शिकवत, त्यांनी मुलीलाही गिरवायला बसवलं होतं. गावातल्या बायका माहेरची पत्रं त्यांच्याकडेच आणत. न वाचलेल्या कागदावर आपण कधी सही केली नाही, हे बाई थोड्या तोऱ्यानंच सांगत.

नवरा वाटणी झाल्यावर वारला, तेव्हा विहिरीचं रान बाईंच्या नावे झालं. ते दीर भुजंग कसायचा. सहा वर्षांचा असल्यापासून त्याला बाईंनीच वाढवलेलं.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात बाईंचा डावा डोळा लालबुंद झाला, उजेड सोसेना. भुजंगानं बैलगाडीतून जालन्याला नेलं. बाई पदरानं डोळा झाकून बसल्या होत्या. औषध कसं टाकायचं ते डॉक्टरानं भुजंगालाच बाहेर नेऊन समजावलं. मग रोज सकाळी तो येई आणि काचेच्या नळीनं डाव्या डोळ्यात थेंब सोडी.

"हालू नका, वैनी. काढा पाजताना तुम्ही माझं नाक दाबत होत्या, आता माझी पाळी!"

पंधरा दिवसांत लाली गेली. उजव्या डोळ्यानं बाई पत्रं वाचतच होत्या. पण एका सोमवारी भुजंग म्हणाला, "आज उजव्यातबी टाकतो. एकाचं दुसऱ्याला लागतं."

"डॉक्टर म्हणला का?"

"बिलकुल म्हणला."

दुपारी बाईंना सुईचं भोक दिसेना. शेजारच्या सगुणाबाई हसल्या, "अगं बया, बाहुल्या केवढ्या झाल्या! मांजरीवानी. कोणाला भुलवून राह्यलीस?" दोघी खूप हसल्या.

दुसऱ्या दिवशी भुजंग कागद आणि दोन साक्षीदार घेऊन आला. "विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा हाय. बराबर वाचून सही करा."

बाईंनी कागद जवळ धरला, लांब धरला. अक्षरं एकमेकांत मिसळून गेलेली.

"मला दिसून न्हाई राह्यलं रे. तूच वाच."

त्यानं वाचलं. बाईंनी सही केली.

श्रावणात डावा डोळा पुन्हा लाल झाला. भुजंग बाजाराला गेला होता, म्हणून बाई शेजारच्या रखमाजीच्या गाडीतून जालन्याला गेल्या. औषध कसं टाकलं ते त्यांनी सांगितलं, तसा डॉक्टर थांबला.

"उजव्या डोळ्यात? तो तर चांगला होता! या औषधानं बाहुली मोठी होते, आतला सुजलेला पडदा चिकटत नाही. पण आठ-दहा दिवस जवळचं अक्षर दिसत नाही. डाव्यातच टाका आणि लाली गेली की बंद करा, असं मी बजावलं होतं."

"दिराला हे सांगितलं होतं?"

"दोनदा. त्यानंच विचारलं होतं, दोन्ही डोळ्यांत टाकलं तर काहीच वाचता यायचं नाही का म्हणून."

बाई घरी परतल्या. संध्याकाळी भुजंग आला.

"तो कागद आण."

"आता कशाला, वैनी?"

"वाचायचाय."

कागद आला. उजव्या डोळ्याशी धरून बाईंनी तो मोठ्यानं वाचला. पाण्याच्या पाळीचं त्यात काही नव्हतं. विहिरीचं रान त्यांनी राजीखुशीनं दिराला दिलं होतं. खाली त्यांचीच सही, अगदी सरळ ओळीत.

भुजंग उंबऱ्याकडे बघत होता. काहीतरी करायचं म्हणून त्यानं कोनाड्यातली बाटली उचलली. "द्या, थेंब टाकतो."

"ठेव खाली."

तो गेल्यावर बाईंनी भिंतीला डोकं टेकवून औषधाची नळी स्वतःच डोळ्यावर धरली. पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा गालावर. तिसरा डाव्या डोळ्यात गेला.