सईच्या कमरेचा दुहेरी टाका

माझी नात सई मैदानात धावत होती आणि तिच्या कमरेला समोरच्या संघाच्या दोन पोरी लोंबकळत होत्या. एक पालथी, एक उताणी. सई थांबेना, त्या सोडेनात! तशाच तिघी शेवटच्या रेषेपार गेल्या.

"कॅनॉट लाह! कॅनॉट कम आउट!" पालथी ओरडली. तिच्या तोंडात गवत होतं.

पंचानं शिट्टी मारली. सईच्या पट्ट्याची फीत एका हातानं ओढून पाहिली. मग दोन्ही हातांनी. मग टाच जमिनीत रोवून! निघाली नाही. निघेल कशी? मी शिवली होती. गोधडीच्या दोऱ्यानं.

इथं सिंगापुरात सईच्या कॉलेजात मुलींचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे. हा फुटबॉल हातानं खेळतात (का, ते मला विचारू नका). मोठ्या खेळात म्हणे धडक देऊन पाडतात. या पोरींच्या प्रकारात पाडायचं नसतं. प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला दोन फिती असतात. चेंडू घेऊन पळणारीची फीत ओढून काढली, की तिनं तिथंच थांबायचं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्या हंगामात संघ पहिले चारही सामने हरला होता. कॉलेजनं बजावलं, पाचवा हरलात तर संघ बंद! सई कॅप्टन. घरात धड जेवेना, धड बोलेना. चौथा सामना मी पाहिला होता. आमच्या पोरी धावायच्या आणि दर वेळी त्यांच्या फिती निसटून दुसऱ्यांच्या हातात! मी मनात म्हटलं, हरतील नाही तर काय? कपडे धड अंगावर राहत नाहीत, खेळणार कशा?

पाचव्या सामन्याआधी कपडे धुवायची पाळी सईची. दहा पोरींची पिशवी आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर आली. दुपारी घरात मी एकटी. बसले सुई-दोरा घेऊन. दहा पट्टे, वीस फिती. सईच्या पट्ट्याला दुहेरी टाका, कारण नात माझी आहे.

तर पंचानं विचारलं, "हू डिड धिस?"

सईनं पट्ट्याकडे पाहिलं. टाका ओळखला. मग प्रेक्षकांत माझ्याकडे पाहिलं.

"आजी!!!"

"काय गं? घट्ट बसलंय ना?"

"आजी, धिस इज चीटिंग लाह!"

माझ्या सुनेनं, मृणालनं, माझा पदर धरला. "आई, खाली बसा. तुम्ही केलंत हे कुणाला कळलेलं नाही."

"मग कळू दे की! चोरी केलीय का मी?"

पदर सोडवला आणि तडक मैदानात गेले. मृणाल मागून धावत आली. पंचाला मराठी येत नव्हतं, एवढाच त्याचा दोष.

"सांग गं याला," मी म्हटलं. "ओढल्यावर निघते ती शिवण कसली? असे पट्टे विकणाऱ्याला आधी धरून आण म्हणावं!"

मृणाल त्याला म्हणाली, "शी इज व्हेरी सॉरी."

मी चौथी शिकले, पण सॉरी मला कळतं. "नो सॉरी!" मी पंचाला सांगितलं. "आय, शिवण, गुड!"

पंचानं डोळे मिटले. (प्रार्थना करत असावा.) मग निकाल दिला. सईचा गोल रद्द. दहा मिनिटांत पट्टे मोकळे करा. जिचा झाला नाही ती बाहेर. मैदानात उतरायला पाचजणी उरल्या नाहीत तर सामना समोरच्यांचा.

आता मात्र मी वाद सोडला. गवतातच फतकल मारून बसले आणि उसवायला लागले. पंचानं मलमपट्टीच्या डब्यातली कात्री दिली. पोरी नखांनी, दातांनी दोरे तोडत होत्या. लोंबकळलेल्या त्या दोघीही आल्या आणि पट्टे ताणून धरायला लागल्या. "आंटी, सो टाइट!" उताणी म्हणाली. तिला शिवणातलं कळत होतं.

नऊ पट्टे सुटले. दहावा सईचा. दुहेरी टाक्यात मी कात्री घातली, जोर केला, आणि कट्! दोरा नाही, कात्री मोडली.

"टाइम!" पंच म्हणाला.

सई बाकावर येऊन बसली. शेजारी मी.

"सई, पाणी पी."

"डोन्ट टॉक टू मी, आजी."

"बरं. पण पाणी पी."

तिच्या जागी जी पोर उतरली, ती चारही सामने बाकावरच होती. तिच्या फितींना माझे तुटके दोरे लोंबत होते. शेवटच्या मिनिटाला चेंडू तिच्याकडे आला. समोरच्या दोघी झेपावल्या. दोघींच्या मुठीत फक्त दोरे आले, आणि ही रेषेपार!

पंचानं तिच्या फिती ओढून पाहिल्या. खटकन निघाल्या. गोल पक्का, सामना आमचा!

सई किंचाळत मैदानात धावली. कमरेच्या फिती तशाच.

त्या हंगामातून संघ वाचला, दहाही पोरी वाचल्या, आणि नातीला स्वतःच्या हातानं बाद करणारी मीही वाचले. गेली ती फक्त पंचाची कात्री.