अडुळशाचा चमचाभर रस

आमच्या सोसायटीत पंपरूमच्या मागे अडुळसा आहे, हे बेव्हर्ली पार्कात इतकी वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी तो कधीच हेरून ठेवला होता. माझ्या नवऱ्याचा खोकला हटेना, तपासण्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली, तेव्हा त्या मला हाताला धरून तिथे घेऊन गेल्या. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, खोकल्याला आराम वाटत असेल तर चमचाभर द्या, पण फार आशा धरू नका. मी धरली. का नाही धरायची?

सासूबाईंची शिकवणी कडक. कोवळी पानं घ्यायची नाहीत, पिवळी पडायला आलेलीच घ्यायची. पुसून तव्यावर शेकायची, कुटायची, फडक्यातून पिळायची. एवढ्या पानांचा जेमतेम चमचाभर रस निघतो, त्यात मध. आणि दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपतं. "आई, त्या पंपाच्या घरघरीत झोपतं होय?" मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. वॉचमन मात्र रोज हसायचा, "आंटी, आज फिर पत्ते?"

आमचे हे कडू म्हटलं की दहा हात लांब पळणारे. लग्नानंतर मला कारल्याची भाजी खायची तर माहेरी जावं लागे. रस घेताना डोळे घट्ट मिटायचे, तोंड वेडंवाकडं करायचे, "अगं, मारतेस का मला?" मला बरं वाटायचं. एवढा कडू आहे म्हणजे काम करत असणार. जेवणाला नावं ठेवणं मात्र त्यांनी सोडलं होतं. मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा माणूस आता मुकाट जेवायचा. आजारपणाने शहाणे झाले हो, असं मी बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा.

एकदा हॉस्पिटलातून परतायला उशीर झाला. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावलेला. आता पानं तोडायची सोय नव्हती, आणि रस चुकला असता तर त्या माउलीच्या जिवाला घोर लागला असता. मी कोमट पाण्यात मध कालवला आणि तोच चमचा ह्यांच्यापुढे धरला. म्हटलं, आता विचारतील, हे काय?

ह्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले, घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं. "बाप रे, आज फारच कडू."

सासूबाई दारातून बघत होत्या. "कडू आहे म्हणूनच गुण येईल," त्या म्हणाल्या आणि समाधानाने आत गेल्या.

केमोने ह्यांच्या जिभेची चव कधी गेली, मला कळलंच नव्हतं. मीठ काय, मध काय, सगळं एकच झालेलं, आणि हा माणूस रोज आम्हा दोघींसाठी तोंड वाकडं करत होता. रडले असते तर त्यांना कळलं असतं.

"पाणी देऊ का वरून?" मी रोजच्यासारखं विचारलं.

"दे," ते म्हणाले. "कडू जात नाही लवकर."

दुसऱ्या दिवशी मी उजेड असतानाच खाली गेले आणि पिवळी पानं तोडून आणली. ते जाईपर्यंत मी रस काढत राहिले, आणि ते तोंड वाकडं करत राहिले.