पहिल्या नंबरचा ओटा

मला प्रश्न विचारायची भारी खोड. लग्न होऊन मेडशीहून वाशीमला निघाले तेव्हा आईनं बजावलं होतं, "सासरी तोंड बंद ठेवजो बाई." ते काही मला जमलं नाही. आमचा गावाला लागून भाजीचा मळा होता. सासूबाई आणि मी दोघी आठवडी बाजारात बसायचो, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला पिडायचे. या टोपल्या कोण विणतं, हिंगवाला कुठल्या मुलखातून येतो, त्याची बायको त्याच्यासोबत का येत नाही. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "अवं, तू भाजी इकाले आली का शिरगणती कराले?"

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. गावाच्या ऐन मधोमध बाजार भरायचा, मातीत, उघड्यावर. कुणी कुठं बसायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. सगळ्यात पुढं, रस्त्याच्या तोंडाशी, सासूबाई. त्यांच्या आधी त्यांची सासू तिथंच बसायची. मग बाकीच्या माळणी, मग तेल-मिठाची दुकानं, मग मडकी. बाजार संपला की एक नाला होता, आणि नाल्यापलीकडं त्या बाया बसायच्या ज्यांना गाव शिवत नव्हतं. शिवाशिव कायद्यानं बंद झाली, असं शाळेतले गुरुजी सांगायचे. झाली असेल. कायदा नाल्याच्या अलीकडंच थांबला होता.

त्या बायांत एक होती, चाळिशीची, उंच, हडकुळी. नदीकाठचा तुकडा बटईनं, निम्म्या वाट्यानं करायची आणि मेथी आणायची. मेथी म्हणजे काय मेथी! आमच्या मेथीला तिची सर नव्हती, हे मी आज कबूल करते, तेव्हा केलं नसतं. पण तिला त्या मेथीवर पाणी मारता यायचं नाही. तिच्या हातची सुकी भाजी लोक घ्यायचे, पैसे वरूनच टाकून. तिच्या हातचं पाणी लागलं की ती भाजी ओली झाली, म्हणजे बाटली. त्यामुळं आमच्या जुड्या संध्याकाळपर्यंत टवटवीत, आणि तिची मेथी बारा वाजताच माना टाकायची. मग ती मिळेल त्या भावात देऊन टाकायची. मी सासूबाईंना एकदाच विचारलं, "काहून असं?" त्या म्हणाल्या, "असंच असते." जगातल्या बाकी कुठल्याच उत्तरानं माझं समाधान झालं नाही. या एकानं मात्र लगेच झालं. याचं मला अजून नवल वाटतं.

एके दिवशी कमेटीचा ओव्हरसीयर टेप घेऊन आला. नगरपालिकेला सगळे कमेटीच म्हणत. जुना बाजार मोडून तिथंच नवा बांधायचा होता. वर टिनाचं छप्पर, खाली सिमेंटचे ओटे, फाटकाशी पाण्याचा हौद आणि हौदाला पितळी तोटी. मी अर्थातच त्याच्या मागं लागले. तो पुण्याकडचा, हौशी माणूस. त्यानं मला एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक दाखवलं, अमेरिकेतल्या शहरांचं. "हे बघा, तिथंही शहराच्या मधला जुना भाग पाडून असं नवं बांधतायत."

"अन् मंग तिथं कोन कुठं बसते?" मी विचारलं.

"नंबर लागेल तिथं."

वांगी निवडत उभे असलेले गुरुजी मध्येच म्हणाले, "असं काही नाही हो साहेब. तिथल्या कित्येक शहरांत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात बसून चहासुद्धा पिता येत नाही. पेपरात येतं."

"अगं माय! म्हंजे तिथंबी नाला हाय!" मी म्हणाले.

गुरुजी खो खो हसले. मलाही माझ्या बोलण्याचं भारी कौतुक वाटलं. पुढं कितीतरी दिवस मी त्या काळ्या माणसांचा विचार करत होते. ती भाजी कुठून घेत असतील, त्यांच्या बाया डोक्यावरून पदर घेत असतील का, हॉटेलवाल्याला त्यांचे पैसे चालत असतील आणि कप चालत नसेल का. एवढा विचार केला. पण मान वळवून आमच्या नाल्याकडं काही पाहिलं नाही.

बाजार बांधून झाला आणि ओट्यांच्या चिठ्ठ्या काढायचं ठरलं. ओव्हरसीयरनं आपली साहेबी टोपी उलटी धरली आणि प्रत्येकीला चिठ्ठी उचलायला लावली. नाल्यापलीकडच्यांनाही. आमच्या वाट्याला शेवटचा ओटा आला, मागच्या भिंतीकडचा. आणि पहिल्या नंबरचा, फाटकाजवळचा, तोटीला लागून असलेला ओटा आला त्या मेथीवालीला.

सासूबाईंचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली.

पहिल्या बाजाराच्या दिवशी जे घडलं ते त्या ओव्हरसीयरच्या बापालाही समजलं नसतं. बाया आल्या, आपापला नंबर पाहिला, आणि काही न बोलता एकमेकींशी ओटे बदलून घेतले. घटकाभरात जुना बाजार जसाच्या तसा नव्या छपराखाली बसला. नाला बुजवला होता, पण त्या बाया आपल्या आपणच मागच्या टोकाला जाऊन बसल्या. बिचारा ओव्हरसीयर वही घेऊन धावत होता, एक नंबर जुळेल तर शपथ! फक्त पहिल्या ओट्यावरची बाई हलली नाही. आम्हाला आलेल्या शेवटच्या ओट्यावर सासूबाई बसायला तयार नव्हत्या. फाटकाबाहेर भर उन्हात त्यांनी पाटी ठेवली आणि मला म्हणाल्या, "जा, तिले म्हन ओटा बदल. तुले लय बोलता येते ना?"

मी गेले. माझ्या आईच्या वयाच्या त्या बाईला मी म्हणाले, "तू तिकडं जाऊन बस. आमच्या सासूबाईची जागा हाय हे."

ती म्हणाली, "बाई, जागा त्यांची होती, खरं हाय. पन मले जागेचं काई नाई. माही मेथी दर बाजाराले दुपारी मरते. मले हे तोटी पाह्यजे." आणि तिनं तोटी सोडली, ओंजळ भरली आणि मेथीवर पाणी मारलं. साऱ्या बाजारासमोर.

सासूबाई म्हणाल्या, "पाहू, कोन घेते तिचं ओलं." आणि मग ओरडायचं काम माझ्याकडं आलं, कारण आवाज माझाच मोठा. "ओलं हाय वो तिचं! इकडं या, इकडं!" मी दुपारपर्यंत ओरडत होते. गिऱ्हाईक तिच्या ओट्यापर्यंत जायचं, माझी हाक ऐकायचं आणि वळायचं. तिची एक जुडी खपली नाही. मला आपल्या आवाजाचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

दुपारी रेल्वेतल्या एका बाबूची बायको आली. नव्यानंच बदली होऊन आलेली, नागपूरची. ती थांबून मला म्हणाली, "ओलं आहे म्हणजे काय हो? भाजी तर ओलीच चांगली असते ना?"

मी तोंड उघडलं. जिला नालाच माहीत नव्हता तिला मी काय समजावणार? "असंच असते" असं म्हणायला गेले, तर जीभ वळेना. ती बाई सरळ पहिल्या ओट्यावर गेली, मेथी नाकाला लावली आणि दोन जुड्या घेऊन गेली.

तोवर उन्हानं आमचा सांबार पार गळून गेला होता. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सासूबाईंनी पाण्याचा गडवा, म्हणजे तांब्या, माझ्या हातात दिला. "पानी आन." मी हौदाकडं गेले, आणि मला येताना पाहून ती बाई उठली आणि चार पावलं मागं सरकली. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी साऱ्या बाजाराला न जुमानणारी बाई, एका गडव्यापुढं आपोआप मागं सरली. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी म्हणाले, "मावशी, तुमीच भरून द्या."

ती पुन्हा पुढं आली. मग तिनं गडवा घेतला, भरला आणि माझ्या हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. मी परत आले आणि ते पाणी आमच्या सांबारावर शिंपडलं. सासूबाईंनी सगळं पाहिलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी अख्खी पाटी उचलली, रस्त्यावरच्या गाईंपुढं उलटी केली आणि एकट्या घरी निघून गेल्या.

त्या पुन्हा कधी बाजारात आल्या नाहीत. "तूच जा, तुले चालते सारं," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. ज्या जागेवर त्यांचा जन्म गेला ती जागा एका चिठ्ठीनं गेली, त्यांचं ते दुःख काही नाटक नव्हतं.

पुढच्या बाजाराला दुसऱ्या नंबरवरच्या बाईनं आपला ओटा मला आनंदानं दिला आणि मधल्या माळणींत सरकली. पहिल्या ओट्याला लागून तिला बसायचंच नव्हतं. मी मेथीवालीच्या शेजारी पाटी मांडली. सकाळभर आम्ही दोघी आपापली भाजी विकत होतो. मग तिनंच मला विचारलं, "बाई, एक इचारू? त्या दिवशी तुमी वरडून राह्यल्या होत्या, तवा माह्याबद्दल तुमाले मनात काय वाटे?"

मी साऱ्या गावाला प्रश्न विचारत हिंडणारी. मला कुणी असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी पुष्कळ आठवून पाहिलं, काहीतरी बरं सापडेल म्हणून.

"काईच नाई," मी म्हणाले.

"मलेबी तसंच वाटलं होतं, तुमाले काईच वाटत नसन," ती म्हणाली, आणि तिनं तोटी सोडली.