मिठीत न सापडणारं पिस्तूल

ओलीटा लेडबेटर दर शनिवारी सकाळी माझ्याकडे केस धुवून सेट करून घ्यायला येतात. डोक्याला रोलर लावून बाई ड्रायरखाली बसल्या की आमच्या बक्स गॅप गावात आठवडाभर कोणाचं काय बिनसलं ते मला घरबसल्या कळतं. जन्मभर त्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं त्यांच्या हातचं खाऊन वाढली आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी पळीचा धाक दाखवला आहे. त्यामुळे बाईंशी वाद घालायला इथे सहसा कोणी जात नाही. अपवाद एकच, त्यांचा मुलगा गार्लंड.

त्यांचे यजमान हॉलिस दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून बाई दरीच्या टोकाच्या घरात एकट्याच. त्या घराच्या पुढे फक्त गाई आणि दफनभूमी. गार्लंड शहरात असतो, बायको ट्रीना आणि मोठं घर घेऊन. गेल्या वसंतात दरीतल्या कोणाच्या तरी शेडमधून अवजारं चोरीला गेली आणि गार्लंडला आयतं निमित्त मिळालं. आईने घर विकून आपल्या गॅरेजवरच्या खोलीत येऊन राहावं, असा लकडा त्याने लावला. ट्रीनाने तर त्या खोलीचे पडदेही निवडून ठेवले.

"खाली गाडी ठेवतात, वर आई ठेवतात," बाई मला म्हणाल्या. "पाऊस लागू नये म्हणून."

बाईंना ते घर सोडायचं नव्हतं. त्या घराच्या पायऱ्या हॉलिसने स्वतः बांधल्या होत्या, आणि सकाळी कॉफीचा पेला घेऊन त्या पायरीवर बसल्याशिवाय बाईंचा दिवस सुरू होत नाही. रडून, चिडून, अबोला धरून झाल्यावर माय-लेकांत अखेर एक करार झाला. गार्लंड म्हणाला, "ठीक आहे आई, राहा. पण पिस्तूल अंगावर हवं. कपाटात नाही, पर्समध्ये नाही, अंगावर. मी न सांगता येऊन बघणार. एकदा जरी नसलं तरी घर विकायचं, मग तक्रार चालणार नाही." बाईंनी शब्द दिला.

आता बाईंना बंदुकीची भीती होती असं कोणी समजू नये. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आलेले किती साप त्यांनी उडवले असतील, त्याची गणती नाही. हॉलिसचं जुनं रिव्हॉल्वरही घरात होतं, पण ते बिडाच्या तव्याइतकं जड. कमरेला लावलं तर बाई एका बाजूला कलत. आणि खरी अडचण वजनाची नव्हतीच. खरी अडचण मिठीची होती.

आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना मिठी मारतात. पुरुष बाजूने, खांद्यावर थाप मारून. बायका समोरून, अगदी जीव जाईपर्यंत. पिस्तूल तर इथे बहुतेक सगळेच बाळगतात, त्यामुळे कोणाच्या कमरेला काय आहे हे इथे सगळ्यांना हाताने ठाऊक असतं. पण बोलायचं नाही. हाताला काही टणक लागलं की हात थोडा वर सरकवायचा आणि हवापाण्याचं विचारायचं. जो ते दाखवत फिरतो तो उथळ, आणि जो "आहे का? कुठे आहे?" असं विचारतो तो तर आईबापांनी वळण न लावलेला. बाईंना मिठी मारणारी माणसं शेकड्यांनी. त्यांनी शाळेत जेवू घातलेली सगळी. "ओलीटाबाई एकट्या राहायला घाबरल्या, म्हणून कमरेला लोखंड बांधून फिरतात," असं त्यांच्या मनात यावं, हे बाईंना मुळीच मंजूर नव्हतं. पिस्तूल हवं, पण ते कोणाच्या हाताला लागता कामा नये.

म्हणून त्या ड्यूई क्रॅबट्रीच्या बंदुकांच्या दुकानात गेल्या. मलाही नेलं. ड्यूईने बाईंना पाहिलं आणि काही न विचारता काउंटरखालून एक इवलंसं गुलाबी पिस्तूल काढलं.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"बायकांसाठी खास आहे, ओलीटाबाई. लहान हाताला लहान पिस्तूल."

"मी काय बाहुलीचं लग्न लावायला आलेय?"

तरी त्यांनी ते घेतलं, रिकामं आहे का ते स्वतः तपासलं आणि गोळी चढवायची वरची सरकती पट्टी, म्हणजे स्लाइड, मागे खेचायला गेल्या. ती हलेना. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, आणि पिस्तूल जितकं चिमुकलं तितकी आतली स्प्रिंग ताठ. ड्यूई म्हणाला, सवय होईल. मागच्या शेतात नेऊन त्याने ते झाडून बघायला दिलं, तर पहिल्याच गोळीला बाईंचं मनगट असं उसळलं की टोपी मागे गेली. करंगळीला तर धरायला जागाच नव्हती, ती बिचारी हवेत.

"ड्यूई," टोपी नीट करत बाई म्हणाल्या, "तुझ्या बायकोला हे दिलंयस का?"

"नाही. ती माझंच वापरते."

"मग मला का देतोयस?"

ड्यूईने गुलाबी पिस्तूल परत काउंटरखाली ठेवलं.

पुढच्या बुधवारी चर्चच्या जेवणात बाईंनी एक चूक केली. शेजारी बसलेल्या पाद्रीसाहेबांना, म्हणजे आमच्या ब्रदर कोय यांना, त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं की सडपातळ पिस्तुलात कोणतं चांगलं. झालं. आमच्याकडे हा प्रश्न म्हणजे लोणचं कसं घालता असं विचारणं आहे. घरागणिक कृती वेगळी आणि दुसऱ्याची कृती चुकीची. चिकनचे तुकडे ताटात तसेच राहिले. कोणी म्हणालं, पोटाशी लावा. कोणी म्हणालं, काखेत. पियानो वाजवणाऱ्या म्हातारीने पायमोज्याची शिफारस केली, आणि तिच्या पायमोज्यात काय असतं ते आम्हाला तेव्हा कळलं. ब्रदर कोय स्वतः घोट्याचे पुरस्कर्ते. "पण मग वेळ आली की आधी खाली वाकावं लागतं," बाई म्हणाल्या. "मी वाकले की मला परत उभं करायला माणूस लागतो. चोराला थांब म्हणू का?"

सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि बाईंनी केलं स्वतःच्याच मनाचं. ड्यूईकडे निळ्या प्लास्टिकची नकली पिस्तुलं असतात, खऱ्याच्या मापाची, म्यान बेतायला. ती बाईंनी आठवडाभर उसनी आणली. एकेक लावून त्या घेवडा तोडायच्या, ओव्हनपाशी वाकायच्या, गाडीत बसायच्या, आणि मग माझ्याकडे यायच्या मिठीच्या परीक्षेला. मी त्यांना समोरून धरलं, बाजूने धरलं, नाताळची मिठी मारली, मयताची मिठी मारली. दारात माझं दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं होतं, ते आल्या पावली निघून गेलं आणि बाहेर जाऊन काय सांगितलं देव जाणे.

शेवटी एक ठरलं. बोटभर जाड, चपटं, टोकं गोल केलेलं, कापडी पट्ट्यात पोटाशी बसणारं. मूठ जराशी लांब, म्हणजे करंगळीला आधार. आणि मुख्य म्हणजे स्लाइड अशी की बाईंच्या वाकड्या बोटांनीही मागे यावी. ड्यूई म्हणाला, यापेक्षा लहानही मिळेल. बाई म्हणाल्या, "लहान मला नकोय. सपाट हवंय. हॉलिसची बहीणसुद्धा लहान होती, पण सोफ्यावर बसली की तिघांची जागा घ्यायची." मग महिनाभर ड्यूईच्या शेतात सराव केला आणि डबे भराभर पाडले. मुलाला दिलेला शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत पोटाशी बांधून त्या हिंडू लागल्या.

आणि आला होमकमिंगचा रविवार. त्या दिवशी गाव सोडून गेलेले सगळे चर्चला परत येतात, झाडांखाली टेबलं लागतात, आणि प्रत्येक बाई दुसरीच्या बटाट्याच्या सॅलडकडे नाक मुरडून बघते. बाईंचा पीच कॉब्लर, म्हणजे पीचच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड, हा त्या दिवसाचा मान. सकाळी तो ओव्हनमधून काढताना पिस्तुलाची मूठ बरगडीत टोचली म्हणून त्यांनी पट्टा सोडला, पिस्तूल हॉलिसच्या लोखंडी पेटीत कुलपात ठेवलं, कॉब्लर काढला, झाकला, गाडीत ठेवला आणि निघाल्या.

चर्चच्या आवारात त्या उतरल्या तेव्हा मीच आधी पुढे झाले. मिठी मारली आणि कानात म्हणाले, "बाई, आज तर मला ठाऊक असून काही लागत नाहीये. कमाल केलीत."

बाईंच्या तोंडावरचा रंग उडाला. त्यांनी हळूच पोट चाचपलं.

"रेडीन," त्या म्हणाल्या, "ते पेटीत राहिलं."

तेवढ्यात गार्लंड आणि ट्रीनाची गाडी आत वळली.

मला त्या क्षणी ट्रीनाचे ते पडदे डोळ्यांसमोर दिसले. खोटं कशाला बोलू, मला रडूच यायला लागलं होतं. बाईंनी मात्र कॉब्लरचं भांडं माझ्या हातात दिलं, टोपी सारखी केली आणि उभ्या राहिल्या.

गार्लंडने आईला कधी समोरून मिठी मारलेली मी पाहिली नव्हती. बापाच्या मयतीतही बाजूनेच, एक हात, दोन थापा. त्या दिवशी तो सरळ समोर आला आणि दोन्ही हात आईभोवती टाकले. हात पाठीवरून कमरेला, कमरेवरून कुशीला. मग मागे सरकून खालच्या आवाजात म्हणाला, "आई, नाहीये."

"काय नाहीये?"

"तुला माहितेय काय."

"तुला सापडलं नाही म्हणजे नाही? लहानपणी तुझे मोजे तुला कधी सापडले होते का? नीट शोध."

त्याने पुन्हा मिठी मारली. या वेळी बराच वेळ. कपाळाला आठ्या, डोळे मिटलेले. शेवटी वैतागून म्हणाला, "कुठे आहे ते दाखव."

आणि हे तो जरा मोठ्याने बोलला. टेबलाभोवतीच्या माना वळल्या. ड्यूई क्रॅबट्री हातातलं चिकन खाली ठेवून म्हणाला, "गार्लंड, आईला असं विचारतात का? शहरात राहून हे शिकलास?" ब्रदर कोयनी नुसतीच मान हलवली, पण ती प्रवचनापेक्षा जास्त लागली असणार.

बाई शांतपणे म्हणाल्या, "जिथे आहे तिथे बघायचा हक्क फक्त तुझ्या बापाला होता. आणि तो तिकडे टेकडीवर निजलाय."

गार्लंड कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. ट्रीनाला चहाचा ठसका लागला. पुढे विचारायची सोय राहिली नाही. तो म्हणाला, "बरं, बरं. आहे. जिंकलीस तू."

इथेच मिटलं असतं, पण आमचे लोक. मुलालाही सापडलं नाही म्हटल्यावर प्रत्येकाचे हात शिवशिवायला लागले. विचारणं असभ्यपणाचं, पण मिठी मारायला कोणाची बंदी? बाईंपुढे रांग लागली. ड्यूईने व्यावसायिक मिठी मारली आणि गोंधळून बाजूला झाला. ब्रदर कोयनी जरा जास्तच ख्रिस्ती प्रेम दाखवलं. पायमोजेवाल्या म्हातारीने तर दोनदा रांग लावली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसाच घरी, आणि गाव काख शोधत होतं. मी कॉब्लर वाढत होते आणि गाल आतून चावून धरले होते.

पुढच्या आठवड्यात ड्यूईकडचं ते मॉडेल संपलं. अख्ख्या चर्चला तेच हवं होतं, ओलीटाबाईंचं, जे मिठीतही कळत नाही. ब्रदर कोयनी घोटा सोडला. आता सगळे ते पोटाशी लावून येतात, एकमेकांना मिठी मारतात, ते लगेच हाताला लागतं, आणि आपलं काय चुकतंय ते कोणालाच समजत नाही.

घर विकायची गोष्ट गार्लंडने त्यानंतर काढली नाही. पण करार करार असतो, तपासणी तर व्हायलाच हवी. म्हणून तो दर रविवारी येतो. गाडीतून उतरतो, आईला समोरून दोन्ही हातांनी धरतो, हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवतो आणि शोधतो. मग जेवायला थांबतो.

काल बाईंचे रोलर लावताना मी विचारलं, "बाई, खरं सांगा. आता तरी घालता ना?"

"सोमवार ते शनिवार घालते. शब्द दिलाय मी. आत्ताही आहे, हात लावून बघ."

"आणि रविवारी?"

"रविवारी सकाळी काढून पेटीत ठेवते."

"अहो, एखाद्या दिवशी पकडलं त्याने तर घर जाईल तुमचं."

आरशात बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखी काहीतरी खोड काढतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"हॉलिस गेल्यापासून मला एवढा वेळ कोणी धरलं नव्हतं, रेडीन," त्या म्हणाल्या. "सापडलं तर तो सोडेल ना गं."