जंतूचा विकार

नाकाडोंगरीच्या घराघरांच्या भिंतींवर गेरूने तारखा टाकत फिरणारा मलेरियावाला यादोराव बोटाला सुई टोचायचा एकदा आणि ज्ञान पाजायचा दहादा. अठ्ठ्याहत्तर साली तुमसरच्या शिबिरात त्याला नव्या गोळ्या मिळाल्या. जेवणानंतरच्या तासाला डॉक्टर म्हणाले, "या गोळीनं जंतूचं विकर बंद पडतं." यादोरावाचा डोळा लागत होता. त्याने ऐकलं, विकार!

तेच त्याने आसाराम ढिवराच्या ओसरीवर ठणकावून सांगितलं. आसाराम तीन दिवसांपासून गोधडीत कुडकुडत होता. रक्तात मलेरियाचे जंतू निघाले होते.

"या गोळीनं जंतूचा विकार बंद होते," यादोराव म्हणाला.

आसारामच्या बायकोने, शकुनने, कमरेवर हात ठेवले. "म्हंजे जंतू बरा होते? ताप माह्या नवऱ्याले, अन् दवाई जंतूले? काहून, तो तुमचा साळा लागते का?"

गोळी उकिरड्यावर गेली. अर्ध्या गावाने शकुनचाच कित्ता गिरवला. यादोरावाचं डोकं तापलं, पण बाईचं म्हणणं काही केल्या खोडता येईना. त्यात आसारामने अन्न सोडलं. हा माणूस हातचा जाईल या धास्तीने यादोरावाने सायकल काढली आणि तुमसर गाठलं.

"साहेब, जंतूले आजार कोनता आहे?"

डॉक्टर हसून हसून बेजार झाले. मग त्यांनी 'विकर', म्हणजे एन्झाइम, हा शब्द कागदावर लिहून दिला आणि नीट समजावला.

चूक कबूल करणं यादोरावाच्या अगदी जिवावर आलं होतं. पण ओसरीवर गोधडी अजून थरथरत होती.

"मी चुकलो, शकुनबाई. विकार नाही, विकर. म्हंजे जंतूच्या घरची रांधणारी. गोळी तिचा हात धरते. मंग जंतूचा वंश वाढत नाही."

"अन् यांच्या पोटातली रांधणारी?"

"ते बी आहे. पन तिची घडण येगळी. गोळी तिच्या वाट्याले जात नाही."

"मंग आधी तुमी खा."

यादोरावाने कडू गोळी तोंड वेडंवाकडं करत गिळली. तेव्हा कुठे शकुनने नवऱ्याची मान उचलून त्याला औषध पाजलं.

पाचव्या दिवशी यादोराव भिंतीवर तारीख टाकत होता. आतून आसारामचा आवाज आला, "भात वाढ."

शकुन खेकसली, "वाढते, वाढते! या घरचं विकर अजून चालू आहे!"

यादोरावाला हसू आलं, आणि डोळे पुसताना गेरू गालाला लागला.