पहिल्या नंबराआधीची तपासणी

बडोद्याच्या गोरव्यात व्हॉल्व्ह बनवणारे एक शेठ मला म्हणाले, "बेन, गूगलमध्ये आपला पहिला नंबर आला पाहिजे. बाकी काही नको."

बडोद्यात हेच काम करत मला बारा वर्षं झाली. साइट शोधात वर आणण्याआधी मी ती तपासते. पण तपासणी म्हटलं, की लोकांचे चेहरे रक्त तपासायला सांगितल्यासारखे होतात.

"त्यात तपासायचं काय? जमाईनं स्वतः बनवलीय," शेठ म्हणाले. चाळिशीचे जमाई, म्हणजे शेठचे जावई, शेजारीच बसले होते. त्यांनी मोबाइलमधून मान वर काढली आणि मी आभार मानीन म्हणून वाट पाहिली.

मांजलपूरला घरी येऊन मी साइट उघडली. आधी आभाळात एक गरुड उडाला. बराच वेळ उडाला. मग हेल्मेट घातलेले गोरे इंजिनीअर आले; त्यांनी जन्मात गोरवा पाहिला नसेल. 'आमच्याविषयी' या पानावर कारखाना कोइमतूरजवळ असल्याचं लिहिलं होतं. ज्याचा मजकूर उचलला, त्याच्या गावाचं नाव बदलण्याचेही कष्ट घेतले नव्हते. चोरीतही आळस. 'क्वालिटी' पानोपानी होती, व्हॉल्व्हचं माप एकाही पानावर नव्हतं.

चौकशीच्या फॉर्ममधून मी विचारलं, "दोन इंची व्हॉल्व्ह मिळतील का?" चार दिवस उत्तर नाही. शेवटी जमाईंकडून पासवर्ड घेऊन सेटिंगमध्ये पाहिलं, तर शोधयंत्रांनी या साइटची नोंद घेऊ नये, अशा अर्थाची खूण केलेली. साइट बनत असताना केली असणार, नंतर काढायची राहिली. म्हणजे दारावर आतून कडी लावून हे लोक तीन वर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत होते.

अहवाल घेऊन कारखान्यात गेले, तेव्हा शेठ जेवायला गेले होते. मला फोनच्या टेबलाजवळ बसवलं. फोन घेणाऱ्या बाई नागरवाड्यातल्या, मराठी, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. अर्ध्या तासात त्यांना सहा फोन आले. "वाफेला चालेल, पण सील वेगळं घ्यावं लागेल." "दीड इंची आता आपण बनवत नाही." कागद न बघता, कधी गुजरातीत, कधी हिंदीत, त्या सांगत होत्या. मी भराभरा लिहून घेतलं. अख्ख्या साइटवर नव्हतं ते सगळं त्या टेबलावर होतं.

"साइटवर हे का नाही घातलं?" मी विचारलं.

"मला कोण विचारतंय, ताई? साइट मी पाहिलेलीसुद्धा नाही." मग म्हणाल्या, "हे तिथं टाकलंत तर फोन कमी होतील का हो?"

इतका वेळ मी मनातल्या मनात जमाईंची खिल्ली उडवत होते; बाईंच्या नोकरीचा विचार मीही केला नव्हता. "तुमचं नाव आणि नंबर त्याच पानावर घालायला सांगते," एवढंच म्हटलं.

शेठ आले. अहवालाचं पहिलं पान त्यांनी वाचलं, बाकीची जमाईंकडे सरकवली. फॉर्मचे संदेश नोकरी सोडून गेलेल्या एका कारकुनाच्या ईमेलवर जातात, हे ऐकून जमाई म्हणाले, "सिरियस पार्टी फोन करते." कोइमतूरवर म्हणाले, "एवढं कोण वाचतं?" शोधयंत्रांना अडवणारी ती खूण मात्र त्यांनी माझ्यासमोरच काढली आणि विचारलं, "झालं ना? अजून काय?"

बाईंच्या उत्तरांचं एक पान करावं, त्यांचं नाव आणि नंबर घालावा, असं मी सांगितलं. "ती तर फोन उचलते," शेठ म्हणाले, आणि विषय संपला. शेठच्या केबिनची काच उघडी होती. बाईंना ऐकू गेलं असणार. त्यांनी पुढचा फोन घेतला.

मी काम घेणार नाही, असं त्याच आठवड्यात कळवलं. महिन्याभरानं शेठचा आनंदानं फोन आला. "बेन, तुमच्याशिवाय पहिला नंबर आला."

"काय टाइप केलंत?"

"आपल्या कंपनीचं नाव."

मी अभिनंदन केलं. आपल्याच घराची पाटी वाचून पत्ता सापडल्याचा आनंद होणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? साइट उघडून बघितली. गरुड होता, कोइमतूरही होतं.