गजेंद्र लहानेचं डोकं

गजेंद्र लहानेला अस्वलीने धरलं ते सीताफळाच्या दिवसांत, सकाळी, चांगलं उजाडल्यावर.

त्याचं रान डोंगराला लागून. वरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सीताफळाची झाडं, आणि धुरा ओलांडला की अभयारण्याचं जंगल. घरी म्हशी होत्या. मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे आणि बोथ्याच्या घाटातून खामगावला दूध घालून यायचं, हा त्याचा रोजचा धंदा. गडी उंचापुरा, आवाज खणखणीत. घाटात वळणावर हॉर्न वाजवायच्या ऐवजी तो आरोळी ठोकायचा, आणि समोरचा ट्रकवाला खरंच गाडी दाबून घ्यायचा. हेल्मेट त्याने आयुष्यात घातलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "डोक्याले वारा लागला पायजे बे, नाईतर डोकं कायले देलं देवानं?"

त्या सकाळी खामगावच्या एका हॉटेलवाल्याने सीताफळं मागितली होती म्हणून तो पिशवी घेऊन धुऱ्यावर गेला. वाकून फळं वेचताना घाणेरीच्या झुडपामागे फुरफुर ऐकू आली. कुणाचं वासरू सुटलं असेल असं वाटून त्याने "हाड्!" केलं. झुडपातून एक काळं पिल्लू तुरुतुरु पळालं आणि त्याच्यामागून आई उठली.

ती दोन पायांवर उभी राहिली तेव्हा तिचं तोंड त्याच्या तोंडाच्या बरोबरीला आलं. पळायला वेळच मिळाला नाही. पहिला पंजा डोक्यावर पडला आणि कपाळापासून मागपर्यंत कातडं सोललं गेलं, ते त्याच्या डोळ्यांवर येऊन पडलं. त्याला वाटलं, रात्र झाली. तो खाली पडला. ती अंगावर बसली. मग तिने त्याचं डोकं तोंडात घेतलं.

हे त्याने नंतर कुणालाही धड सांगितलं नाही, बायकोला, रेणुकालासुद्धा नाही. अस्वलीचे दात त्याच्या कवटीवरून घसरत होते आणि तो आवाज त्याला बाहेरून नव्हे, आतून ऐकू येत होता. गरम, ओला श्वास. ओली माती, सडकी फळं आणि रक्त यांचा वास. सगळीकडून बंद अंधार. त्या अंधारात तो हातांनी, गुडघ्यांनी, जे हाताला लागेल त्याने मारत होता. एक बोट तिच्या डोळ्यात गेलं तेव्हा तिने मान झटकली. त्या झटक्यात त्याचा उजवा कान गेला.

शेजारच्या रानातले शंकरराव कुऱ्हाड घेऊन धावले. म्हाताऱ्याने आरडाओरडा करत कुऱ्हाड फेकली, ती तिच्या पाठीला चाटून गेली. अस्वल वळली, त्यांच्याकडे दोन उड्या घेतल्या, मग पिल्लाच्या दिशेने गेली. शंकररावांनी धोतराचा सोगा फाडला, लोंबणारं कातडं पुन्हा डोक्यावर बसवलं आणि करकचून बांधलं. गजेंद्र त्यांनाच बुक्क्या मारत होता. म्हाताऱ्याची एक बरगडी मोडली ती अस्वलीने नव्हे, गजेंद्रने.

बुलढाण्याहून त्याला अकोल्याला नेलं. कवटीचा एक तुकडा चेचला होता, तिथे पत्रा बसवला. टाके किती पडले ते रेणुकाने विचारलं नाही. हिवाळा सरत आला तेव्हा तो घरी आला: उजव्या कानाच्या जागी एक भोक, डोक्यावर केसांच्या मधून जाणारे गुलाबी बांध, डाव्या डोळ्याची पापणी वर ओढलेली. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "गाडी चालवायची तर चालवा. पण या डोक्याला आता साधा फटकाही सोसवणार नाही. हेल्मेट, आणि तेसुद्धा पूर्ण बंद. त्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही."

तोवर दूध रेणुका घालत होती, गावातल्या गोविंदाच्या ऑटोने. ती काटक बाई, कमी बोलणारी. नवऱ्याला घेऊन ती खामगावला हेल्मेट घ्यायला गेली.

दुकान माणिकरावांचं होतं. साठीचा माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गिऱ्हाइकाला बसवून माल दाखवायची हौस. गजेंद्रने डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी आधी अर्धं हेल्मेट दाखवलं, टोपीसारखं. रेणुका म्हणाली, "हे नाई काका, पूर्ण बंदवालं द्या." मग त्यांनी वरच्या फळीवरून एक काळं, चकचकीत काढलं. "हे घ्या, मजबूत. हातोडा मारला तरी काही होत नाही." गजेंद्र समोरच्या आरशात पाहत होता. नवीन गिऱ्हाइकाला हेल्मेट घालायचं जमत नाही, हे माणिकरावांना अनुभवाने माहीत. ते सरळ त्याच्या मागे गेले, रेणुकाला हेल्मेटची तारीफ ऐकवत उपरणं काढलं आणि डोक्याकडे न पाहताच दोन्ही हातांनी हेल्मेट त्याच्या डोक्यावर दाबलं. काचही खाली ओढली.

अंधार. स्वतःचाच गरम श्वास तोंडावर परत आला. फोम टाक्यांवरून घसरला आणि कवटीच्या आत तोच आवाज झाला.

पुढचं गजेंद्रला आठवत नाही, लोकांना आठवतं. त्याने कोपर मागे मारलं, ते माणिकरावांच्या तोंडावर बसलं. हेल्मेट ओरबाडून काढलं, वळला, आणि तेच हेल्मेट दोन्ही हातांत धरून त्यांच्यावर घालत सुटला. खांद्यावर, छातीवर, आडव्या धरलेल्या हातावर. म्हातारा काउंटरवर पडला आणि काच त्याच्यासकट खाली आली. रेणुकाने मागून मिठी मारली, तिला त्याने अशी झटकली की ती आरशावर जाऊन आदळली. त्याच्या घशातून निघणारा आवाज माणसाचा नव्हता.

रस्त्यावरची माणसं आत घुसली. भरदिवसा दुकानदाराला मारतो म्हणजे चोर, नाहीतर दारुडा. लोकांनी दुसरं काही विचारलं नाही. कुणी लाथ घातली, कुणी पट्टा काढला. तो खाली पडला तरी थांबले नाहीत. एकाने दुकानातलाच लोखंडी स्टँड उचलला तेव्हा रेणुका आडवी पडून नवऱ्याच्या डोक्यावर झाकण झाली. स्टँड तिच्या पाठीवर बसला.

"थांबा! थांबा, अरे!" हे माणिकराव ओरडत होते. तोंडातून रक्त येत होतं, पण खाली बसल्यामुळे त्यांना रेणुकाच्या हातांच्या फटीतून ते डोकं दिसलं होतं. "त्याच्या डोक्याकडे पाहा आधी!"

लोकांनी पाहिलं. पट्टा मारणारा मागे सरला. कुणीतरी "अस्वल" म्हणालं, आणि स्टँड उचलणाऱ्याने तो खाली ठेवला.

माणिकरावांचे दोन दात गेले. ते पोलिसात गेले नाहीत, पण माफही केलं नाही. "बाई, तुम्ही या केव्हाही," ते तोंडाला रुमाल लावून म्हणाले, "यांचं पाऊल मात्र परत माझ्या पायरीवर नको." घरी जाताना ऑटोत गजेंद्र आपल्या हातांकडे पाहत बसला.

यानंतरचे दिवस वाईट गेले. त्याला वाटायचं, अस्वल डोंगरात परत गेली खरी, पण जाताना काहीतरी आपल्यात ठेवून गेली. कुणी मागून आलं की त्याचा हात उठायचा. एके दिवशी दुपारी तो गोठ्यात खाली बसून खुंटा ठोकत होता. त्याची लाडकी म्हैस, रेडकू होती तेव्हापासून हाताने चारलेली, तिने सवयीने मान लांब केली आणि त्याचं डोकं चाटलं. गजेंद्र उठला तो खुंटा हातात घेऊनच. त्याने तिला तोंडावर मारलं, शिंगाच्या बुडाशी मारलं, ती दाव्याला हिसके देत हंबरत होती तरी मारत राहिला. रेणुका धावत आली तेव्हा म्हशीच्या नाकातून रक्त ठिबकत होतं आणि तो शेणात गुडघ्यांवर बसून हमसत होता.

तिने खुंटा त्याच्या हातातून काढला नाही. लांब उभी राहून म्हणाली, "मले मारा आता. मी बी मागूनच आली."

त्याने खुंटा टाकला.

"काऊन होते असं मले, रेणुका?"

"भेव हाये थे. दुसरं काई नाई. भेलं म्हंजे जनावर मारते. थे अस्वल बी भेलंच होतं, पिल्लासाठी."

"तिची बाजू घेते तू?"

"कोनाचीच नाई घेत. मले धंदा पायजे, मानूस पायजे. दोन्ही घरात पायजे."

दुसऱ्या दिवशी तिने दोरा घेऊन त्याच्या डोक्याचं माप काढलं. समोर बसून, आधी सांगून, मग हात लावून. दोरा घेऊन ती एकटी माणिकरावांकडे गेली. त्यांनी नवे दात बसवले होते, बोलताना ते सैल वाजत. तिने फळीवरची हेल्मेटं एकेक स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिली, अंबाड्यासकट. शेवटी त्यांनी एक राखाडी रंगाचं काढलं. "बटण दाबलं की याचा जबडा वर उघडतो. तोंड मोकळं राहतं. घालताना अंधार होत नाही." तिने तेच घेतलं. 'जबडा' हा शब्द मात्र तिने घरी सांगितला नाही.

घरी आणलं तर तो त्या खोलीत जाईना. मग रेणुकाच ते घालू लागली. डाळ निवडताना घातलं, अंगण झाडताना घातलं. शेजारणी कुंपणावरून पाहायच्या. ती तशीच गोठ्यात गेली तेव्हा मार खाल्लेली म्हैस बिचकली, मग तिने ते राखाडी गोल डोकं हुंगलं आणि लांब जिभेने काचेवरून चाटलं. सगळी काच फेसाने भरली. रेणुकाला काही दिसेना, ती हात पसरून चाचपडत दाराऐवजी भिंतीकडे निघाली. ओट्यावरून गजेंद्र हसला. हसताना पापणीची शीर ओढली गेली, दुखलं, तरी हसला.

"आन इकडं," तो म्हणाला.

आतलं अस्तर बटणांवर होतं. तिने ते काढून धुतलं, आत जिथे टाके यायचे तिथे आपल्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी पातळ शिवली. त्याने आधी नुसतं मांडीवर घेतलं. मग उघडं ठेवून डोक्यात घातलं, निंबाखाली, ती समोर असताना. उजवीकडे कान नसल्याने ते त्या बाजूला कलायचं, पट्टा वेगळा घट्ट करावा लागायचा. बंद करायची पाळी आली तेव्हा घामाने त्याचा सदरा भिजला. त्याने बंद केलं, आत ओरडला, उघडलं, भिंतीवर फेकायला हात मागे नेला, आणि फेकलं नाही. पुन्हा घातलं. ती समोर बसून काहीही बोलत राहायची: माहेरच्या पिंपळगाव राजाच्या गोष्टी, कोणाची सोयरीक मोडली, कोणाची बकरी हरवली. तिचा आवाज डाव्या कानात येत होता, म्हणजे बाहेर जग होतं. श्वास तोंडावर परत यायचा त्याला वास होता तंबाखूचा आणि चहाचा. त्याचाच होता तो.

ऐन उन्हाळ्यात त्याने गाडी काढली. आरोळ्या आता काचेत अडायच्या, म्हणून हॉर्न वाजवायला शिकला. मागून येणारं वाहन उजवीकडून कळत नसे, म्हणून मान वळवायला शिकला. गाडीवर बंद, खाली उतरताच उघडं, असं चालू होतं.

आणि मग घाटात उतारावर, ऊन चढलेलं असताना, डावीकडच्या झाडीतून रोही आला. नीलगाईचा पूर्ण वाढलेला नर, बैलाएवढा. एकाच उडीत तो गाडीवर आदळला. गजेंद्र हवेत गेला, डांबरावर डोक्याने पडला, घसरत गेला, दगडी कठड्याला आपटून थांबला. कॅन फुटल्यासारखे वाजत खाली गडगडत गेले. रोह्याचे पुढचे पाय मोडले होते. तो उठायला पाहायचा, पडायचा, मागच्या पायांनी गाडी लाथाडायचा. दूध आणि रक्त एकत्र होऊन उतारावरून वाहत होतं.

गजेंद्रला काळं दिसलं. काच तडकून आत आली होती, श्वास तोंडावर परत येत होता. हात उठले. आणि त्याला कळलं की हा अंधार कुणी त्याच्यावर घातलेला नाही, त्यानेच सकाळी घरून घालून आणला आहे. हात त्याने डांबरावर पसरून ठेवले.

एक ट्रक थांबला. दोघे जण धावत आले, एकाने मागून हेल्मेटला हात घातला.

"नोको!" आतून आवाज आला. "हात नोको लावू भाऊ. मी काढतो. मले समोरून धर."

त्यांनी समोरून धरलं. पट्टा त्याने स्वतः सोडला, बटण दाबलं, ते अडकलं होतं, पुन्हा दाबलं. कठड्याला टेकून बसला तेव्हा रोही अजून लाथा झाडत होता. ट्रकवाल्याने गाडीतली लोखंडी टामी आणली आणि गजेंद्रकडे पाहिलं. त्याने होकाराची मान हलवली. दोन घाव पडले. दोन्ही वेळा गजेंद्रने डोळे मिटले नाहीत.

रेणुका ऑटोने आली. उतरली, त्याचं डोकं दोन्ही हातांनी नीट चाचपलं, सगळीकडे पाहिलं, आणि मग त्याच्या पाठीवर मुठींनी मारत सुटली. ट्रकवाला अडवायला निघाला तर गजेंद्र म्हणाला, "राहू द्या. मारू द्या तिले."

महिनाभर त्याची मान वळत नव्हती, खांदा निखळला होता. ते राखाडी हेल्मेट मागून चिरलं होतं, पुन्हा वापरण्याजोगं राहिलं नव्हतं. बरं वाटल्यावर तो एकटाच एसटीने बुलढाण्याला गेला, एका अनोळखी दुकानात. तिथे एक तरुण मुलगी गल्ल्यावर बसली होती. तिने हेल्मेट उचलायच्या आधीच त्याने डोक्यावरचं उपरणं सोडलं, डोकं खाली वाकवून तिला दाखवलं आणि म्हणाला, "पायलं? आता दाखवा कोनतं दाखवता थे. फकस्त मागून येऊ नोका."

मुलगी घाबरली, मग काउंटरच्या बाहेर आली आणि त्याच्या समोर स्टूल ओढून बसली.